अक्षरी रुपये

फेब्रुवारीत ऑफिसातून मेल येतो: पुरावे सादर करा.
मग मी नेरूळच्या पोस्टातून
रुपयाची बारा रेव्हेन्यू तिकिटं आणते
आणि आई चष्मा पुसून
जेवणाच्या टेबलाशी मालकीण होऊन बसते.

श्रीमती हेमलता दत्ताराम नाचणकर.
सिडकोच्या लॉटरीत लागलेलं साडेचारशे फुटांचं घर
बाबांच्या नावावरून तिच्या नावावर यायला
चार वर्षं लागली, आणि बेलापूरच्या सतरा खेपा.
भाडेकरू मी, तिचीच थोरली,
महाप्यातल्या कंपनीत पगारपत्रकं करणारी:
चारशे जणांचा कर कापते,
शेवटी स्वतःचा.

पहिल्या वर्षी ती हबकली होती.
पोटच्या पोरीकडून भाडं? लोक काय म्हणतील?
लोक नाही गं, कलम आहे.
तिचं पॅन कार्ड काढलं.
फोटोत ती अशी दिसते
जशी कुणाचे तरी पैसे बुडवून आलीय.

दर महिन्याला बारा हजार
माझ्या खात्यातून तिच्या खात्यात,
तिथून मेंटेनन्स, गॅस, वीज,
महापालिकेचं सहामाही बिल.
घरातला पैसा घरातच फिरतो
दळणाच्या डब्यासारखा,
भरलेला जातो, भरलेला येतो,
मूठभर गिरणीत राहतोच.

सोसायटीच्या बिलात एक ओळ आहे, सिंकिंग फंड.
बुडायचे पैसे आधीच घेतात? तिने विचारलं.
खाडीत भराव टाकून उभं केलेलं गाव आमचं.
मला उत्तर सुचलं नाही.

हळूहळू मालकी तिच्या अंगात भिनली.
बाथरूमचा नळ गळायला लागला तेव्हा म्हणाली,
दुरुस्ती मालकाकडे असते ना?
स्वतःच्या पाकिटातून प्लंबरला सहाशे दिले
आणि पावती मागितली.
तो हसला. ती नाही हसली.

दिवाळ्याच्या बाजारात
सुरमईचा भाव विचारायचा आणि मांदेली घ्यायची,
हा तिचा जुना शिरस्ता.
ताज्या मासळीवर जीएसटी नाही, मी एकदा सांगितलं.
तरी ही किंमत? म्हणाली.
मग कर लावला असता तर निदान
शिव्या कुणाला घालायच्या ते कळलं असतं.

या वर्षी मी रात्री बसून आकडे मांडले,
डावीकडे जुनी करप्रणाली, उजवीकडे नवी.
नवीत एकोणीस हजार वाचतात.
नवीत भाडं धरत नाहीत, विमा धरत नाहीत,
नवीत आई नाही.

सकाळी सांगितलं, आता पावत्या नकोत.
ती कडवे वाल सोलत होती.
बरं झालं, म्हणाली, सह्यांची कटकट गेली.
थोड्या वेळाने पाहिलं
तर सालं पातेल्यात पडत होती
आणि वाल कचऱ्याच्या कागदावर.

मार्चच्या पहिल्या रविवारी
पावतीपुस्तक पुन्हा टेबलावर.
कधीतरी वाचवून ठेवलेलं एक तिकीट
जिभेवर ओलं करून चिकटवलेलं.
भाडं वाढलंय, बाय. पाचशेने.
मालकांना परवडत नाही.

मी मनात हिशेब केला:
एकोणीस वाचवले, वर्षाचे सहा हिने काढून घेतले.
तरी तेरा उरतात.
तेराचं काय काय होईल तेही मनातच मांडलं
आणि पुसलं.

ती लिहीत होती, ओळीवरून बोट फिरवत.
कुमारी अमुक यांजकडून.
अक्षरी रुपये बारा हजार पाचशे फक्त.
मग थांबली.
‘कशाबद्दल’ या शब्दापुढे
चार बोटं कोरी जागा.

इथे काय लिहू? तिने विचारलं.
आता सरकारला दाखवायचं नाही, तर?

राहू दे तशीच, मी म्हटलं.
तिने पेनाला टोपण लावलं नाही.