शिळा अंक

सांगलीच्या वाचनालयात
पंधरा दिवस शिळा अंक
त्र्यंबकमास्तर मोठ्यानं वाचतायत:
पेट्रोग्राडात पावासाठी रांग,
बर्फात ताटकळलेल्या बाया,
मग दगड,
मग झारचा हुकूम.

येसबा खोत पायरीवर.
छातीवर संस्थानचा बिल्ला,
चिंचेनं घासून पिवळाधमक.
अक्षरओळख नाही, कान मात्र तिखट.

"मास्तर, शिपायांनी झाडल्या गोळ्या?"
"पहिल्या दिवशी झाडल्या.
दुसऱ्या दिवशी नाही."
"मधल्या रात्री काय झालं?"
मास्तरांनी पान उलटलं, पुन्हा उलटलं.
छापलं नव्हतं.

तिन्हीसांजेला देवडीत
सरकारांची बग्गी शिरली.
येसबानं मुजरा केला,
रोजच्यापेक्षा एक श्वास उशिरा.

घोड्यानं तेवढे
कान टवकारले.