उतारावरची आग

फेब्रुवारी. सकाळचे नऊ.
टेकडीच्या पाठीवर दव अजून तसंच.
आम्ही अकरा जण. बाकीच्यांच्या पाठीवर पाण्याचे पंप,
माझ्या हातात ठिबकतं भांडं,
चोचीशी जळती वात.

पाचोळ्यात हात घालते.
वर खडखडीत, बोटभर खाली ओल.
"मुळं झोपलीयत," आदेलिनो म्हणतो. "चालेल."

आदेलिनो त्र्याऐंशीचा.
एकोणिसाव्या वर्षी याच कड्यावर
शेळ्यांना कोवळं गवत मिळावं म्हणून
त्यानं तोजोची काटेरी झुडपं पेटवली,
तर जंगलखात्यानं
दोन महिन्यांच्या चीजइतका दंड ठोकला.
पावती अजून पाकिटात आहे,
घडीवर फाटलेली.
आज त्याच खात्याची फिलिपा
नकाशा बॉनेटवर पसरून त्याला विचारते,
"सुरुवात कुठून करू, काका?"

वरून.
नेहमी वरून, वाऱ्याच्या तोंडावर.
चढावर आग धावते,
उतारावर तिला पाऊल मोजावं लागतं.

मी माथ्यावरून रेघ ओढत जाते.
तोजो तडतडतो, फोडणीसारखा.
ज्वाळा गुडघ्याएवढ्या;
पाइनच्या बुंध्यांना चाटतात, वर चढत नाहीत.
एक सरडा माझ्या बुटावरून
घाईत पलीकडे जातो.

त्या ऑगस्टात ती चढावर धावली होती.
निलगिरीच्या साली पेटून
दरीवरून उडत आल्या.
बेल्मिरामावशीची गाडी
तिसऱ्या वळणावर सापडली,
दारं आतून लावलेली.
एवढंच.
याहून जास्त मी कुणाला सांगत नाही.

बाराच्या सुमारास आदेलिनोनं काठी उचलली.
"बास."
फिलिपानं हातातलं यंत्र पाहिलं:
वारा बेताचा, हवेत ओलावा पुरेसा,
निम्मा उतार बाकी.
मग तिनं त्याच्याकडे पाहिलं.
तो नदीकडे बघत होता,
नाक किंचित वर,
शेळ्या बघतात तसा.

विझवलं.
वारा नंतर फिरला का?
खरं सांगू, मला कळलं नाही.
गाडीत कुणी बोललं नाही,
फक्त आदेलिनोनं पाव मोडून सगळ्यांना दिला,
काजळीच्या बोटांनी.

मागे टेकडी अर्धी काळी, अर्धी तांबूस,
अर्धवट भादरलेल्या मेंढीसारखी.
उरलेलं पुढच्या आठवड्यात, पाऊस नसला तर.
पाऊस फार लांबला, तरीही नाही.

दिवसभर मी डोंगर पेटवत होते.
घरी चूल लावताना मात्र
काडी अजून
हात ताणून, लांब धरते.