पंचमीची पाऊणपट

अल-खोरच्या पुढे डांबर संपतं तिथे फाटक आहे.
फलकावर लिहिलंय: उजाडल्यापासून मावळेपर्यंत.
मुक्काम नाही, चूल नाही, जाळं नाही.
मामंजींना मी वाचून दाखवलं.
"जाळां नाय?" एवढंच म्हणाले,
आणि शर्टाच्या बाह्या तरीही वर सरकवल्या.

सतराव्या मजल्यावर एकवीस दिवस
लिफ्टचं बटण दाबायला कचरणारा हा माणूस
फळ्यांच्या पुलावरून माझ्यापुढे निघाला,
जणू होडीतून होडीत पाय टाकतोय.
दोन्ही बाजूंना कंबरभर हिरवी झाडं,
चिखलातून वर आलेली बोटबोट मुळं,
हजारो, श्वास घेत उभी.
त्यांनी एक पान खुडलं. जिभेला लावलं.
"खारट. तिवरच गो."

पहारेकरी धावत आला.
"पाता मत तोडो, चाचा."
मामंजींनी पान परत द्यायला हात पुढे केला,
जसं ते चिकटवता येईल.
नाव मोतालेब, गाव खुलन्याकडचं.
त्याच्याकडेही चिखल आहे, मुळं आहेत,
शिवाय वाघ.
मामंजी मोडक्या हिंदीत म्हणाले, आमच्याकडे वाघ नाही,
सरपंच आहे.
दोघं बराच वेळ हसले. मला नीट कळलं नाही का.

रेवा शाळेत अरबी शिकते.
"खोर म्हणजे खाडीच, आजोबा."
"नि आखात?"
"खलीज."
त्यांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला,
काटा आहे का ते बघावं तसा.

निवटी शोधली, दिसली नाहीत.
कुर्ल्या होत्या, बारीक, एक नांगी उगाच मोठी.
लांब पाण्यात रोहित पक्षी, चाळीसेक,
माना खाली घालून, हिशेब तपासणाऱ्या कारकुनांसारखे.
त्यांच्यामागे रिफायनरीची एक ज्योत,
भर दुपारी पेटलेली.
माझा नवरा तिकडेच कुठेतरी ड्यूटीवर होता.
रेवाने त्या दिशेला हात हलवला.

मग ते आकाशाकडे न बघताच म्हणाले,
"आज पंचमी. पाचाची पाऊणपट.
पावणेचाराक भरती. बघ आता."
मालवणात मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय:
घड्याळ नाही, तक्ता नाही,
तिथीची पाऊणपट, आणि त्या वेळेला
पाणी हजर, हाक मारल्यासारखं.

आम्ही बाकावर बसलो. डबा उघडला. घावणे, चटणी.
साडेतीन.
पावणेचार.
पाणी उतरतच होतं.
सव्वाचारला खाडीचा तळ उघडा पडला,
एक चप्पल, एक बाटली, ओल्या वाळूवर पक्ष्यांची पावलं.
मामंजी उठून कठड्याला टेकले.
पन्नास वर्षं ज्याने कधी शब्द मोडला नाही
त्याने परमुलखात, सुनेसमोर, मोडला होता.
मी म्हटलं, बाबा, जागेप्रमाणे वेळ बदलते.
उत्तर नाही.
बऱ्याच वेळाने: "ह्या पाणी माझा आयकणा नाय."
आणि त्यात राग नव्हता. 
नव्या गावच्या पोराबद्दल बोलावं तसं.

पावणेपाचला मोतालेबने शिट्टी फुंकली.
बाकीचे लोक चटया गुंडाळून निघाले.
मामंजींनी बोट वर केलं, थांब.
तळाशी ती चप्पल जरा हलली.
मग टोक फिरलं.
मोतालेबही वाकून बघू लागला,
शिट्टी दातांत तशीच.
फाटकाशी गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

गाडीत त्यांनी रेवाचं पेन मागितलं
आणि तळहातावर लिहिलं: पंचमी, पावणेपाच, फिरला.
"आता कळलं ना इथलं?" मी विचारलं.
"एका दिसान नेम बसणा नाय.
अजून चवदा तिथी बघूक व्हयी."

व्हिसाचे नऊ दिवस उरलेत.
मी काही बोलले नाही.
घरी गेल्यावर हात न धुता जेवायला बसले,
चमच्याने.