एकाचं वरण

सात एप्रिलला सुमेध अठरा वर्षांचा झाला
आणि संस्थेच्या रजिस्टरमधून बाहेर.
पत्र्याची पेटी, दहावीची मार्कशीट,
दोन चादरी, कोपऱ्यावर अजून तो नंबर: ४३.
मी गाडी घेऊन गेटवर उभा.
माझा एकोणतीस होता. मी काही बोललो नाही.

तांडापेठेतली खोली.
माग विकल्यावर धकाते काकूंनी
खड्डा बुजवून वर फरशी घातली, तीच ही.
मधोमध पाय पडला की पोकळ वाजते.
"पोट्टा कोनाचा?" काकूंनी विचारलं.
कामाला आहे, बुटीबोरीला, कंपनीत.
"ते झालं. पन कोनाचा?"
करारनाम्यावरही तोच रकाना.
जामीनदार: माझं नाव लिहिलं.
जामीनदाराचे नाते:
पेन झटकून पाहिला. शाई होती.

मंगळवारीतून जुना कूलर आणला,
मोटर मीच भरून दिली, ताट्या नव्या बसवल्या.
इतवारीतून एक गंज, एक ताट.
दुकानदार म्हणाला, सेट घ्या न भाऊ, स्वस्त पडते.
सुमेध म्हणाला, एकच.

रांधता येतं त्याला. पाच वर्षं पाळी होती.
पण येतं ते साठ जणांचं:
तीन किलो तूर, ओंजळभर मीठ,
ढवळायला दोन्ही हात.
"एकाले किती लागते, भाऊ?"
मी त्याच्या तळहातावर डाळ ओतली, बोटं मिटवली.
इतकी.
"बस?"
आणि मूठ उघडून तो पाहत राहिला.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं.
पहिलं वरण मी चार दिवस खाल्लं, आंबेपर्यंत.
सिलिंडर संपतं, हेही एका रात्री कळलं,
आणि ताप आला तर नऊ वाजता
कोणी थर्मामीटर घेऊन येत नाही.
दिवा कितीतरी दिवस जळतच राहायचा,
मालवणारं माणूस येईल म्हणून.

कुलपाच्या दोन किल्ल्या निघाल्या.
एक त्याने खिशात घातली.
दुसरी हातात धरून इतका वेळ उभा
की काकू खालून ओरडल्या, "काहून रे, अटकला का दरवाजा?"
मग माझ्याकडे न बघता,
"हे तुमच्यापाशी राहू द्या. माह्यी हरवली तर."

रात्री पाऊण वाजता फोन.
"काही नाही, भाऊ."
बरं.
"लय शांत हाय इथं. कोनी घोरत नाही, खोकत नाही."
कूलर लाव.
"गरमी नाही तेवढी."
पाणी नको भरू. नुसता पंखा लाव न झोप.

खटका ऐकू आला. मग ती मोटर,
मी भरलेली, तरी जराशी घरघरणारी,
चाळीस पोरं एकदम कूस बदलल्यासारखी.
फोन त्याने ठेवला नाही.
बायकोने झोपेतच विचारलं, कोण आहे?
त्रेचाळीस, म्हटलं.
ती कुशीवर वळली. मग थोड्या वेळाने, डोळे मिटलेलेच:
"जेवला काय तो?"