चार मिलिमीटर

नोंदवही माझ्या ताब्यात असते, वेझी.
तू परदेशी शिकून आलीस, तुझ्याकडे पडदा आहे,
त्यावर जंतूंची जनुकं ओळीनं सरकतात.
माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याच्या सव्वीस वह्या.
एस म्हणजे जंतू औषधापुढे नमतो,
आर म्हणजे कशालाच बधत नाही.
सगळ्या वह्या मिळून एवढंच लिहिलंय.

पहिल्या वह्यांत नुसते एस,
पोरानं पाटीवर गिरवावेत तसे.
मग कुठेतरी एखादा आर,
मक्याच्या पिठात खडा लागावा तसा.
आता एस दिसला की माझा हात थांबतो,
प्लेट पुन्हा उजेडात धरून बघतो,
वाटतं, डोळे गेले की काय.

त्या दुपारी वीज गेली होती,
जनरेटरचं डिझेल संपलेलं.
तू फ्रीजच्या दाराला पाठ लावून उभी,
नमुने गरम होऊ नयेत म्हणून,
आणि उगाच विचारल्यासारखं विचारलंस,
तुमच्याकडे बायका माती खातात ती कुठली?

वारुळाची, म्हणालो.
मुलांजेच्या पायथ्याला, चहाच्या मळ्यांपलीकडे.
एनेलेसी खायची. सातव्या महिन्यात
चितेंजेच्या गाठीत ढेकूळ बांधून फिरायची.
तुरट लागते. जराशी लोखंडासारखी.
तू हसली नाहीस. बरणी दिलीस
आणि बसभाड्याचे पैसे, जे मी घेतले नाहीत.

त्या मातीतून तू काहीतरी राखाडी वाढवलंस,
भिंतीला बुरशी धरते तसलं.
भोवती नवजात वॉर्डातला जंतू पसरलास,
तो, जो सगळं पचवून बसलाय.
दुसऱ्या दिवशी राखाडी ठिपक्याभोवती
एक मोकळं वर्तुळ होतं.
गर्दीनं वाट सोडावी तसं.
तू पट्टी लावलीस. चार मिलिमीटर.
आणि पेन्सिलीनं लिहिलंस, शाईनं नाही.
तेव्हा मला तू पहिल्यांदा आवडलीस.

पुढच्या खेपेला चार.
त्याच्या पुढच्या खेपेला काहीच नाही.
झोपला असेल, म्हणालीस,
कधीकधी ते असं करतात, बनवायचं थांबतात.
आठ दिवस तू त्याला उठवत होतीस,
गूळ देऊन, उपाशी ठेवून, थंडीत, उबेत.
मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणालीस,
मिस्टर कालियाती, अजून माती हवी.

एक पान मी तुला दाखवलेलं नाही.
अठ्ठ्याण्णवची वही, पान एकेचाळीस, ओळ तिसरी.
कालियाती, मुलगी, वय चार दिवस.
अक्षर माझंच आहे, नेहमीसारखं सरळ.
पुढे सहा एस. ओळीनं सहा.
त्या आठवड्यात कपाटात सहांपैकी एकही नव्हतं.
तेव्हा औषध लागू होतं आणि मिळत नव्हतं,
आता मिळतं.

शनिवारी गेलो. वारूळ नव्हतं.
खणून कुणीतरी विटा पाडल्या होत्या,
शेजारी नवं घर, अजून पत्रे नसलेलं.
मी भिंतीवर हात फिरवून पाहिला.
भट्टीतून निघालेल्या विटेत काही जगत नाही,
हे मला तू शिकवायची गरज नाही.
मग खड्ड्यात उतरलो. साठीला आलेला माणूस,
गुडघ्यांवर बसून, चमच्यानं.
कोपरभर खोल अजून ओल होती
आणि मुंग्यांसारखं पांढरं काही धावत होतं.

परतीच्या मिनीबसमध्ये बरणी मांडीवर.
शेजारी वाळके मासे घेऊन बसलेली बाई
बराच वेळ त्या मातीकडे बघत होती.
मग हळूच म्हणाली,
घरात कुणी पोटुशी आहे वाटतं?

हो, म्हणालो.
आणि चिरादझुलूच्या वळणावर गाडी कलली तेव्हा
झाकण घट्ट धरून ठेवलं.