सावरी

ऐरोली, सेक्टर आठ. पहाटे साडेचार.
न्हाणीघरात ब्लोअर घरघरतो
आणि खालच्या थळेकाकूंची खात्री पटत जाते
की रिटायर झाल्यावर मी कसलातरी कारखाना काढलाय.

सावरी मांडीवर पालथी. अंगोरा, दीड वर्षाची,
साडेतीन किलो, त्यात लोकर किती नि ससा किती
देव जाणे.
कंगवा क्वचित. तो धड केसही ओढून आणतो.
वाऱ्यानंच भांग पाडत जायचं, शेपटीकडून मानेकडे,
तळाची गुलाबी कातडी दिसेपर्यंत.
कानामागे, हनुवटीखाली, काखेत गुठळी धरते.
ती बोटांनी सोडवायची,
जुन्या फायलीची गाठ सोडवावी तशी, दोरी न कापता.
कोकण भवनात तीस वर्षं हेच केलं,
फक्त तिथं कुणी नाक हलवत नव्हतं.

खाडीचा वारा आमचा वैरी.
तो शिरला की लोकर नमद्यासारखी बसते.
म्हणून खिडक्या बंद, आणि पिंजऱ्यात
बर्फ झालेली पाण्याची बाटली.
पाहुणीनं लोडाला टेकावं तशी ती टेकते.
पोटात गेलेल्या केसांसाठी रोज पपईची फोड.
वहीत तारीख, वजन, लांबी:
अकरा सेंटिमीटर. साडेअकरा. बारा.

हेमांगी म्हणाली, माझे कधी मोजले होतेत?
मी वही मिटली.

रविवारी वाशीला प्रदर्शन. टेबल क्रमांक सत्तावीस.
शनिवारी रात्री तिनं तोंडात गवत धरलं,
दोन्ही बाजूंना मिशांसारखं,
कोपऱ्यात नेऊन ठेवलं. पुन्हा नेलं. पुन्हा.
मग मान खाली घालून
स्वतःच्याच छातीची लोकर उपटू लागली,
मूठ मूठ.
डॉक्टर फोनवर म्हणाले, खोटा गाभ.
होतं असं, नर नसला तरी. चार दिवसांत विसरेल.
मी हात घातला तर गुरकावली.
ससा गुरकावतो, हे नुसतं ऐकून होतो.

तरी गेलो. फी भरली होती.
परीक्षक बाईंनी चष्मा वर सारला,
पाठीवर फुंकर घातली.
लोकर लहानशा विहिरीसारखी उघडली.
वा, म्हणाल्या. मग तिला उताणी केली.
तळहाताएवढी उघडी छाती
आणि आत धडधडणारं एवढंसं काळीज.
मला काहीच विचारलं नाही. कागदावर लिहिलं, बाद.
पेन न उचलताच म्हणाल्या,
"घरटं फेकलं नाहीत ना?"

हेमांगीनं पिंजरा धुतला होता, तो कोपरा सोडून.
सावरी थेट तिथं गेली, वास घेतला,
रिकाम्या लोकरीवर आणखी एक काडी ठेवली.
"बोट घालून बघा," हेमांगी म्हणाली.
सकाळपासून तिथं कुणीच नव्हतं.
तरी ऊब.

सोमवारी ब्लोअर लावला नाही.
साडेपाचला थळेकाकू जिना चढून आल्या,
दारातूनच विचारलं,
बरं आहे ना सगळं?