बिलबुकाच्या मागच्या पानांवर

मी फ्रीज दुरुस्त करतो. डीप फ्रीजर, चिलर,
काचेची उभी कपाटं, ज्यांत बाटल्या घाम पुसत उभ्या असतात.
पुण्यात जिथं जिथं खायला मिळतं
तिथं कुठंतरी काहीतरी गार व्हायचं थांबलेलं असतं,
म्हणून माझं पोट भरतं.
दोन्ही अर्थांनी.

बिलबुकात पुढं रक्कम लिहितो, मागं चव.

फर्ग्युसन रोड, बर्गरचं दुकान. कंप्रेसर बदलला.
काउंटरवरच्या पोरीच्या छातीवर बिल्ला : केदार.
म्हणाली, माझा अजून छापून यायचाय काका,
तोवर मी केदारच.
बर्गर तोंडापेक्षा मोठा का करतात ते कळलं नाही.
वरून काडी खुपसलेली, जिंकलेल्या किल्ल्यासारखी.
एका बाजूनं धरला की दुसऱ्या बाजूनं सॉस पळतो,
खाली वाकून खावं लागतं, जणू कुणाची तरी माफी मागतोय.
केदार फ्रीजरच्या आडोशाला उभ्यानं डबा खात होती,
पोळी, शेंगदाण्याची चटणी.
अर्ध्यावर अर्धं केलं आम्ही.
मागं लिहिलं : चटणी उत्तम.

स्वारगेट, स्टँडच्या मागं, मुनाफची भुर्जीची गाडी.
इथं फ्रीज नाही. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ, बर्फावर लोणी.
म्हणून इथं मी पैसे देतो
आणि कुणी मला काका म्हणत नाही, शेठ म्हणतात.
उलथनं तव्यावर असं वाजतं
की सांगलीच्या गाडीचा कंडक्टरही
एकदा घंटी मारायची विसरून बघत राहिला.
तिखट जास्त. मुद्दाम जास्त. पाव दोन लागतातच.

बालेवाडी, रामेनचं दुकान. गॅस भरला, थर्मोस्टॅट नवा.
आचारी ऐजॉलचा. नाव मी तीनदा विचारलं,
तिसऱ्यांदा त्यानं बिलावरच लिहून दिलं : लालरिनसांगा.
वाडगं एवढं, की तान्ह्याला अंघोळ घालावी.
नूडल्स ओढताना आवाज करायचा, म्हणाला,
तशी रीतच आहे.
मला आईची चापट आठवली, आमटीचा भुरका मारला म्हणून बसलेली.
पन्नास वर्षं ताटावर गप्प बसून जेवलो
आणि इथं परवानगी मिळतेय, चारशे वीस रुपयांत.
मारला भुरका.
शेजारच्या टेबलावरची आयटीतली पोरं वळून बघायला लागली,
मग त्यांनीही मारला.
रस्सा सोळा तास उकळलेल्या हाडांचा.
मी म्हटलं, याचा चुलतभाऊ कोंढव्यात राहतो,
पहाटे पाचला उठतो, सातला संपतो.

(त्या दिवशी कार्बन उलटा लागला होता.
चार दिवसांनी मालकाचा फोन : बिलाच्या पाठीवर हे काय लिहिलंय,
‘अंडं अर्धं कच्चं, पण माणूस बरा’?
मी म्हटलं, सर्व्हिस चार्ज समजा.)

शुक्रवारी लालरिनसांगा खरंच आला, कोंढव्यात, स्कूटरवर,
कानटोपी घालून. पायाच्या दोन वाट्या, नान.
वाफेमुळं समोरासमोर असून आम्ही एकमेकांना धड दिसत नव्हतो.
मी शिकवल्याप्रमाणं मोठ्ठा भुरका मारला.
तो मान खाली घालून खात होता. ओठ मिटून. अगदी गप्प.
काय रे, रीत कुठं गेली?
हसला. म्हणाला, ती बंगळुरूला शिकलो, ट्रेनिंगमध्ये, गिऱ्हाइकांसाठी.
घरी आवाज केला की आई मारायची.
आणि उजवा हात वर करून
डाव्या गालाशी ती जागा दाखवली.

मला अजून काही बोलायचं होतं
पण फोन वाजला. वाकडचा आइस्क्रीमवाला :
या लवकर, सगळं वितळतंय.
म्हटलं, येतो. नळी चोखून येतो.

त्या दिवशीच्या पानाला पुढची बाजू नाही.
मागं दोन शब्द आहेत, तेलाचा डाग पडल्यामुळं
एकच वाचता येतो.
गरम.